नोएलीनची पांढरी पावडर

नोएलीनच्या हातून गोळा सुटला आणि धप्पकन हिरवळीवर आदळला, तेव्हा क्लबातल्या सगळ्यांनी आधी गवताकडे बघितलं आणि मग क्लॅरीकडे. नोएलीनच्या पायाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि गोळा तर तिच्या अंगठ्याला जेमतेम चुकवून पडला होता हो! पण पँडॅनस पॉइंटच्या बोलिंग क्लबात हे असंच चालतं. माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर घालता येतं. हिरवळीला खड्डा पडला तर क्लॅरी कुणाला जगू देत नाही.

क्लॅरी हा हिरवळीचा राखणदार. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण गवताला पाणी द्यायची वेळ विसरणार नाही असा गडी. तो तरातरा आला, गुडघ्यांवर बसला आणि त्या खड्ड्यावरून असा हात फिरवायला लागला की बघणाऱ्याला वाटावं घरचंच कुणी आजारी आहे.

"बाई, गोळा घरंगळवायचा असतो. इथे विहीर खणायची नाहीये!"

"निसटला रे हातातून," नोएलीन म्हणाली आणि तिने बोटं पुढे केली. लोणी फासल्यासारखी चकाकत होती.

"पुन्हा निसटला तर मला तुला हिरवळीवर पाय ठेवू देता येणार नाही. अंतिम सामना असो नाहीतर आणखी काही असो. सांगून ठेवतो."

अंतिम सामना! तेच तर. क्वीन्सलंडच्या त्या किनाऱ्यावर, उसाच्या शेतांच्या आणि समुद्राच्या मधे, शनिवारी बायकांच्या जोड्यांचा अंतिम सामना होता आणि नोएलीन त्यात होती. खेळ तसा साधा. दूरवर एक छोटा पांढरा चेंडू ठेवायचा, त्याला जॅक म्हणायचं, आणि आपले जड काळे गोळे घरंगळवत त्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायचं. पण गोळा एका अंगाला जड असतो, त्यामुळे सरळ जात नाही, वळण घेतो. तो हातातून कसा सुटतो यावरच सगळं. सोडताना बोटं तुळतुळीत असली की संपलंच.

आता ही बोटं तुळतुळीत का, तर नोएलीनच्या नाकामुळे.

नोएलीनचं अर्धं आयुष्य लाल मोटरसायकलवरून पत्रं वाटण्यात गेलं. भर उन्हात, गल्लीबोळात, कुत्री मागे लागलेली. त्या काळी तिथे चेहऱ्याला काही लावायची पद्धतच नव्हती. उन्हाळ्यात नाकाची सालं निघायची, आणि कुणाच्या नाकाचं मोठं साल निघतं याची टपालवाल्यांमध्ये पैज लागायची. नोएलीन ती पैज बरेचदा जिंकायची, आणि जिंकली की मिरवायची. मग नवरा गेला, मुलगी ब्रिस्बेनला गेली, नोकरी संपली, आणि गेल्या हिवाळ्यात नाकाच्या बाजूला एक पुळी आली ती जाईचना. डॉ. रत्नायकेबाईंनी बघताक्षणी ओळखलं. कापून काढली. कानामागची कातडी घेऊन नाकाला ठिगळ लावलं.

"नाक वाचलं, नोएलीन," त्या म्हणाल्या होत्या. "आता उघड्या चेहऱ्याने उन्हात जायचं नाही. नुसत्या टोपीने भागत नाही. ऊन खालूनही उलटून येतं. सकाळी जाड थर लावायचा, आणि उन्हात असाल तितका वेळ दर दोन तासांनी पुन्हा. लावाल?"

"लावीन," नोएलीन म्हणाली होती.

आणि नोएलीन एकदा 'लावीन' म्हणाली की लावणार. पुराच्या पाण्यातून मोटरसायकल ढकलत नेऊन तिने लोकांची पेन्शनची पाकिटं पोचवली होती. दिलेला शब्द न पाळणं तिला जमतच नसे.

पण लावायचं काय? साधं क्रीम लावलं की घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं, डोळे असे झोंबायचे की एकाच्या जागी दोन जॅक दिसायचे. मग तिने झिंकचं जाड पांढरं क्रीम आणलं. ते झोंबत नव्हतं, पण डुकराच्या चरबीसारखं ओशट. हात साबणाने कितीही धुतले तरी खेळताना घाम पुसायला हात चेहऱ्याकडे जायचाच, आणि दोन तासांनी हिरवळीच्या मधोमध उभं राहून पुन्हा थापायचं म्हणजे तर झालंच. त्यातूनच ती विहीर.

"सोड ते क्रीम!" मर्ल म्हणाली. मर्ल म्हणजे नोएलीनची जोडीदारीण आणि जोडीची कप्तान. उंच, हाडकुळी, आणि जीभ अशी की दगडाला चरा पडावा. "शनिवारचा एक दिवस तशीच खेळ. एका दिवसात काय नाक गळून पडतंय?"

"शब्द दिलाय मी."

"डॉक्टरीणबाई येणार आहेत का बघायला?"

"मी बघते ना आरशात रोज! मर्ल, स्पष्ट सांगते. शनिवारपर्यंत चेहऱ्याला लावायला असं काही मिळालं की ज्याने हात बरबटत नाहीत, तर खेळेन. नाही मिळालं तर नाही खेळणार."

मर्लचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला कारण होतं. क्लबाच्या बारमध्ये भिंतीवर एक चकचकीत लाकडी फळा आहे. त्यावर दर वर्षीच्या विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहितात. कोरली नावाच्या बाईचं नाव त्यावर इतक्या वेळा आहे की रंगाऱ्याने ते डोळे मिटून लिहावं. मर्लचं एकदाही नाही. नोएलीनचंही नाही. दोघी दर वर्षी त्या फळ्याखाली बसून चहा प्यायच्या आणि वर बघायचं टाळायच्या. आणि शनिवारी समोर कोण होती? कोरलीच!

"मग चल," मर्ल म्हणाली आणि गाडीची किल्ली घेतली. "औषधांच्या दुकानात काहीतरी असेलच."

दुकानात काउंटरवर थुई होती. तिचे आईवडील व्हिएतनामहून आलेले, ती मात्र याच गावात वाढलेली, आणि नोएलीननेच तिच्या कॉलेजच्या प्रवेशाचं पाकीट घरी पोचवलं होतं. नोएलीनने एका दमात सगळं सांगितलं. नाक, शब्द, बोटं, विहीर, शनिवार.

"पावडर बघितलीत का?" थुई म्हणाली.

"पावडर? तोंडाला लावायची पावडर उन्हाला अडवते?"

"खनिजाची असते. झिंकच असतं त्यात, पण कोरडं, दळलेलं. हे बघा." तिने दोन-तीन प्रकार काउंटरवर मांडले. "पण एक आधीच सांगते, नोएलीन. नुसत्या पावडरीवर विसंबायचं नाही. लोक तिचा नुसता हलका हात फिरवतात, आणि तेवढ्याने काही होत नाही. सकाळी घरी क्रीम लावा, हात स्वच्छ धुवा. पुढे दर दोन तासांनी वरून ही, आणि सढळ हाताने."

म्हणजे हिरवळीवर क्रीमला हात लावायचाच नाही!

पहिली होती चपट्या डबीतली, आत आरसा आणि मऊ गादी. नोएलीनने गादी उचलली, गालावर फिरवली आणि लगेच बोटांकडे बघितलं. बोटांना लागली होती. बाद! दुसरी दिसायला झकास, पण थुईने डबी उलटी करून मागचं वाचून दाखवलं. हा नुसता मेकअप होता, उन्हाचा आकडा उगाच कोपऱ्यात छापल्यासारखा. तीही बाद. तिसरी म्हणजे एक जाडशी नळी आणि टोकाला ब्रश. झटका दिला की पावडर आपोआप ब्रशात उतरायची. बोट लावायचं कामच नाही.

"हीच!" नोएलीन जवळजवळ ओरडली.

"थांब, रंग तर बघ," मर्ल म्हणाली. नळी दोन प्रकारांत होती. एक कातडीच्या रंगाची, एक साधी पांढरी. नोएलीनने आधी कातडीच्या रंगाची लावून बघितली.

"कशी दिसते?"

"भाजलेल्या विटेसारखी," मर्ल म्हणाली. मग पांढरी लावल्यावर म्हणाली, "आणि आता पीठ लागलेल्या स्कोन-पावासारखी. बये, वीट परवडली. निदान फोटोत भूत तरी दिसणार नाहीस."

पण नोएलीन आरशाला नाक टेकवून बघत होती. विटेच्या रंगात सगळं कसं छान मिसळून गेलं होतं. पांढऱ्यात मात्र एक गोष्ट उठून दिसत होती. नाकाच्या बाजूला, अगदी ठिगळाच्या कडेला, बोटाएवढी जागा कोरडी राहिली होती.

"हे बघ! इथे लागलंच नाही."

"मग?"

"मग काय मग! सगळी वर्षं ही जागा चुकत आली म्हणून तर ती पुळी आली. त्या रंगात चुकलेलं दिसत नाही, यात दिसतं. मला पांढरीच हवी."

मर्लने डोळे फिरवले. पण नोएलीनचं अजून झालं नव्हतं. ती धावत गाडीकडे गेली आणि आपला काळा गोळा घेऊन दुकानात आली. थुई "नोएलीन, नको—" म्हणेपर्यंत बाई गुडघ्यात वाकली होती. गोळा सुटला, शांपूच्या कपाटाच्या बाजूने डुलत डुलत गेला, खोकल्याच्या औषधांपाशी सुंदर वळला आणि एका म्हाताऱ्याच्या वहाणेजवळ अलगद थांबला.

"निसटला नाही!" नोएलीनने दोन्ही हात वर केले. "मर्ल, निसटला नाही गं!"

म्हाताऱ्याने पायाशी बघितलं आणि "झकास टाकलास हं," असं म्हणून दाद दिली.

शनिवार उजाडला तो असा लख्ख की समुद्राकडे बघवेना. नोएलीनने घरी क्रीम लावलं, हात साबणाने भांडी घासावीत तसे घासले, आणि पांढरा पोशाख चढवून क्लबात आली. बाहेर खुर्च्या भरल्या होत्या. तिने सगळ्यांसमोर नळी काढली, झटका दिला आणि नाकावरून, गालांवरून, कानांच्या पाळ्यांवरून सढळ हाताने ब्रश फिरवला.

"केक भट्टीत जायला तयार आहे," मर्लने जाहीर केलं. खुर्च्यांमध्ये हशा पिकला. नोएलीनही हसली. हसू दे, हात कोरडे होते!

आणि काय खेळली हो! पहिल्याच फेरीत तिचे दोन गोळे जॅकला चिकटून बसले. कोरलीची जोडीदारीण बेव चपळ बाई, तिचा गोळा आधीचा थांबतो न थांबतो तोच सुटलेला असायचा. तिलाही घाम फुटला. कोरलीने दोनदा डाव फिरवला, मर्लने तो परत फिरवला. कधी या पुढे, कधी त्या पुढे. क्लॅरी कडेला हाताची घडी घालून उभा होता आणि प्रत्येक वेळी नोएलीन वाकली की श्वास रोखून धरायचा. एकदाही धप्प आवाज आला नाही.

मधे चहाची सुट्टी झाली. अंड्याची करी घातलेली सँडविचं, लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेले केक, मोठ्या बंबातला कडक चहा. नोएलीनने खाण्याआधी पुन्हा ब्रश फिरवला, नळी पिशवीत टाकली आणि पिशवी बाकावर ठेवली. सुट्टीनंतर खेळ चढतच गेला. फेऱ्या लांबल्या, दोनदा पट्टी लावून अंतर मोजावं लागलं, आणि शेवटची फेरी उरली तेव्हा दोन्ही जोड्यांचे गुण सारखे होते. सारखे!

नोएलीनने घड्याळ बघितलं. दोन तास उलटून गेले होते. तिने पिशवीत हात घातला. नळी नव्हती. पिशवी उलटी केली. रुमाल, चष्म्याचं घर, गोळे पुसायचं फडकं, क्रीमची चपटलेली ट्यूब. नळी नाहीच.

"मर्ल, माझी पावडर बघितलीस?"

"मला काय विचारतेस? सूर्य चालला की खाली. टाक चार गोळे आणि मोकळी हो," मर्ल म्हणाली. पण तिने नोएलीनकडे बघितलं नाही.

"सूर्य अजून डोक्यावर आहे, मर्ल."

पंचाने दोनदा घड्याळावर बोट ठोकलं. नोएलीनच्या हातात क्रीमची ट्यूब होती. लावलं तर बोटं गेली, धुवायचा नळ पार क्लबाच्या मागे. नाही लावलं तर शब्द गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सगळं करून, शेवटच्या फेरीला! तिने ट्यूबचं झाकण उघडलं.

"थांब!" क्लॅरी ओरडला. तरातरा आला आणि तिच्या हातातून ट्यूब हिसकावली. "त्या हातांना काही लावलंस तर याद राख."

"क्लॅरी, मला लावायलाच हवं—"

"मग मी लावतो. तोंड वर कर. डोळे मीट."

आणि क्लॅरीने, ज्याने आयुष्यात बायकोच्या पाठीलासुद्धा क्रीम लावलं नसेल, आपल्या गवताळ, राठ अंगठ्याने नोएलीनच्या चेहऱ्यावर भिंतीला गिलावा करावा तसं ते थापलं. कपाळ, गाल, नाक. ठिगळापाशी मात्र त्याचा अंगठा हळू झाला.

"दुखतं का इथे?"

"नाही रे."

"माझ्या हिरवळीसाठी करतोय हं हे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उगाच गैरसमज नको."

खुर्च्यांमधून टाळ्या वाजल्या. नोएलीन कोरड्या हातांनी जागेवर गेली.

मर्ल आणि कोरली पलीकडच्या टोकाला जॅकपाशी उभ्या होत्या. नोएलीनने पहिला गोळा टाकला, आखूड पडला. दुसरा वाहवत गेला. तिसरा बरा, पण बेवचा त्याहून बरा. उरला एक. नोएलीनने फडक्याने गोळा पुसला, वाकली आणि सोडला. गोळा निघाला तो आधी भलतीकडेच चालल्यासारखा, मग हळूहळू वळायला लागला, वळत राहिला, बेवच्या गोळ्याच्या पाठीमागून आत शिरला आणि जॅकला टुकदिशी शिवला!

क्लब उठून उभा राहिला. जॅकला शिवलेल्या गोळ्याचा मान वेगळा. नंतर कुणी तो ढकलत हिरवळीच्या कडेच्या चरात पाडला तरी तो जिवंत राहतो. साधा गोळा चरात गेला की मेला. पण शिवलेल्या गोळ्यावर पुढचा गोळा थांबायच्या आत पांढरी खूण करावी लागते, आणि ते काम कप्तानाचं. मर्लने खडूच्या फवाऱ्याचा डबा काढला, हलवला, दाबला.

फुस्स.

पुन्हा दाबला. फुस्स. आणि बेवचा शेवटचा गोळा केव्हाच तिच्या हातून सुटून वाटेला लागला होता.

"खूण कर, मर्ल!" नोएलीन इकडून किंचाळली. कोरलीच्या हातात भरलेला डबा होता, पण तिला नेमके तेव्हाच आकाशातले पेलिकन पक्षी बघावेसे वाटले. बेवचा गोळा अर्ध्यावर आला. मर्ल एक क्षण खांबासारखी उभी राहिली. मग तिने पोशाखाच्या खिशात हात घातला, एक जाडशी नळी बाहेर काढली, झटका दिला आणि नोएलीनच्या काळ्या गोळ्यावर ब्रशाचे दोन रुंद पांढरे पट्टे ओढले. बेवचा गोळा तिच्या बुटापाशी येऊन थांबला.

नोएलीनचं तोंड उघडंच राहिलं. अगं बाई! मर्लच्या खिशात?

आता कप्तानांची पाळी. जागा बदलायला मर्ल आणि नोएलीन निघाल्या आणि हिरवळीच्या मधोमध समोरासमोर आल्या.

"ती माझी नळी आहे," नोएलीन दातओठ खात म्हणाली.

"खेळ होऊ दे," मर्ल म्हणाली. आवाजात टवाळी नव्हती, आणि मर्लचा तसा आवाज नोएलीनने कधी ऐकला नव्हता.

मर्लचे गोळे जॅकभोवती पहारा देत बसले. कोरलीचे तीन त्यांच्यावर अडले. आणि शेवटी कोरलीने जे करायला नको होतं तेच केलं. मागे सरकली, हात मागे नेला आणि शेवटचा गोळा पूर्ण जोराने झोकून दिला. तो आला तो बंदुकीच्या गोळीसारखा. खाड! पहारेकरी उधळले. जॅक उडाला आणि चरात पडला. त्याच्या मागोमाग नोएलीनचा गोळा लडबडत कडेला गेला, क्षणभर अडखळला आणि तोही चरात. जॅकच्या अगदी कुशीत. हिरवळीच्या काठावर कोरलीचा एक गोळा तेवढा उरला.

नोएलीन धावली. चरापाशी पालथी पडून तिने आत बघितलं. गोळा मातीने माखला होता. तिने श्वास धरला. आणि काळ्या अंगावर, किंचित पुसट पण स्वच्छ दिसत होता एक पांढरा पट्टा.

"आहे! खूण आहे!"

"तो खडू नाहीये, मेकअप आहे!" खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं. गलका उसळला. पंच आला, वाकला, डोकं खाजवलं, पुन्हा वाकला. मग सरळ उभा राहून म्हणाला, "कोरली, तुझी हरकत आहे का?"

सगळा क्लब कोरलीकडे बघायला लागला. तिने हरकत घेतली असती तर सामना तिचा होता, फळ्यावर आणखी एक सोनेरी ओळ तिची. कोरलीने ओठ मुडपले. चरातल्या गोळ्याकडे बघितलं. नोएलीनच्या थापलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"मी पेलिकन बघत होते," ती म्हणाली, "पण आंधळी नाहीये. खूण वेळेत झाली. पांढरी झाली. चला, मला आता बिअर पाजा."

काय तो गोंधळ! बेवने नोएलीनला मिठी मारली, थुई काउंटर सोडून आली होती ती उड्या मारत होती, ब्रिस्बेनहून आलेली नोएलीनची मुलगी रडत होती. क्लॅरी तेवढा गुडघ्यांवर बसून कोरलीचा गोळा जिथे आदळला तिथलं गवत चाचपत होता.

मर्ल मात्र कुठे दिसेना. नोएलीनला ती क्लबाच्या मागे सापडली, नळापाशी, सावलीत, एकटी. हातात ती नळी.

"चोरटी कुठली!" नोएलीन तिच्यावर धावून गेली. "शेवटच्या फेरीला! मी रडायच्या बेतात होते, आणि तू ढिम्म? अख्खा आठवडा तूच हसत होतीस ना मला? मग कशाला घेतलीस?"

मर्लने टोपी काढली आणि कानशिलावरचे केस मागे सारले. तिथे पावडर थापली होती, जाड, पांढरीफट्ट. आणि त्या पांढऱ्यातूनही काहीतरी वर आलेलं दिसत होतं.

नोएलीनने रुमाल नळाखाली धरला आणि हलक्या हाताने पावडर पुसली. खाली एक चट्टा होता. कडा उचललेल्या, मधे खपली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. खपली धरते, पडते, पुन्हा धरते." मर्लने केस पुन्हा पुढे ओढले. "तुझं नाक पट्टीत बघितलं तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय बघ माझा. तुला हसले नसते तर रडले असते गं. चहाच्या वेळी कुणी नव्हतं, म्हटलं एकदा लावून बघू. मग कोरली आली, आणि नळी पटकन खिशात गेली. मला वाटलं, त्याने थांबेल."

"थांबत नाही ते," नोएलीन म्हणाली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता. "हे आधी लावायचं असतं, मर्ल. झाल्यावर नाही."

"मग आता?"

"सोमवारी रत्नायकेबाई. गाडी मी चालवणार."

"सोमवारी मला जरा—"

"नाही गेलीस तर आत जाऊन सांगते, फळ्यावर माझं नाव लिहू नका. एकटीचं नाव जोडीत लिहीत नाहीत. बघ काय ते."

मर्लने तिच्याकडे बघितलं. नोएलीन 'सांगते' म्हणाली की सांगणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने नाक ओढलं आणि टोपी डोक्यावर घातली.

सोमवारी डॉ. रत्नायकेबाईंनी चट्टा त्याच दिवशी कापला. आठवडाभराने तपासणीचा निकाल आला. सगळा निघाला होता, मुळं पुढे गेली नव्हती. आणखी वर्षभर लपवला असता तर कान गेला असता, आणि कानावरही भागलं नसतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मर्लने नोएलीनचा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली.

घरी जाताना दोघी औषधांच्या दुकानात शिरल्या. मर्लच्या कानशिलावर मोठी पट्टी होती. थुईने न विचारताच ब्रशाच्या दोन्ही नळ्या काउंटरवर ठेवल्या, कातडीच्या रंगाची आणि पांढरी.

"ही रंगाची तुम्हाला छान मिसळून जाईल," थुई म्हणाली. "कळणारही नाही लावली आहे ते."

मर्लने ती उचलली, झाकण काढलं, मनगटावर फिरवली. खरंच कळत नव्हतं. तिने ती खाली ठेवली.

"पांढरी दे," ती म्हणाली. "चुकलेली जागा दिसायला हवी मला."